करामातला चौथा वाटा

१

शारजाहून दुबईतल्या करामाला शनिवारी सकाळी अर्ध्या तासात पोचता येतं असं माझा पुतण्या निखिल म्हणाला होता. दीड तास लागला. त्या दीड तासात त्याने मला एकच गोष्ट तीन वेळा सांगितली.

"काका, आजचं हे नीट झालं ना, तर मी तो टॉपिक पुन्हा काढणार नाही. प्रॉमिस."

तो टॉपिक म्हणजे मी. माझं वय एकोणऐंशी. पुण्यात दोन खोल्यांत मी एकटा राहतो. गेल्या वर्षी मी दोनदा गॅस चालू ठेवून फिरायला गेलो आणि एकदा बँकेत स्वतःचा पत्ता सांगताना अडखळलो. निखिलने पुण्याबाहेरच्या एका वृद्धाश्रमात माझ्यासाठी खोली धरून ठेवली आहे. मला मूलबाळ नाही. माझ्याबद्दलचे निर्णय आता तोच घेतो, आणि प्रेमाने घेतो, ही त्यातली जास्त वैतागवाणी बाजू.

"नीट म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे गोंधळ नको. तीन माणसं, तीन शेअर्स. यल्ला, चला, खलास."

माझा धाकटा भाऊ राजाभाऊ तीन महिन्यांपूर्वी गेला. त्याची बायको छाया चार वर्षं आधीच गेली होती. करामातला त्यांचा भाड्याचा फ्लॅट पुढच्या शनिवारपर्यंत रिकामा करून द्यायचा होता. अडतीस वर्षांचा संसार आणि तीन वारस: निखिल, त्याच्या पाठची शुभ्रा, आणि धाकटी तनया, जी नवरा राजनबरोबर फुजैराला राहते. बाप गेल्यापासून तिघांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं होतं, ते म्हणजे वाटणी मुरलीकाका करतील. का, तर काकांची त्यात पीएचडी आहे.

तसं म्हटलं तर आहे. मी अमेरिकेचा इतिहास शिकवायचो. तिथल्या वसाहतींच्या काळातल्या वाटण्यांवर माझा प्रबंध आहे. शेतकरी मेला की गावातले तीन तटस्थ शेजारी घरात येत, एकेका खोलीत उभे राहून दिसेल ती वस्तू लिहून घेत, आणि मग वारसांचे वाटे पडत. चाळीस वर्षं मी मेलेल्या माणसांच्या कढया आणि उशा कागदावर मोजल्या. जिवंत माणसांसमोर कधी एक चमचाही मोजला नव्हता.

२

दार निखिलने उघडलं. शुभ्रा आणि तनया खालीच भेटल्या होत्या. मी मागे राहिलो, कारण मला बूट काढायला वेळ लागतो. म्हणूनच मला ते दिसलं.

हॉल लांबट आहे. दारातून समोरच सोफा दिसतो, आणि मध्ये काहीही नाही, नुसती फरशी. निखिल आत गेला तो सरळ न जाता उजवीकडच्या भिंतीला लागून गेला आणि वळसा घालून सोफ्यावर बसला. त्याच्यामागून शुभ्रा तशीच गेली. फोनवर बोलत, खाली न बघता तनयाही तशीच गेली.

एसीचं पाणी गळत असेल म्हणून मी वाकून फरशीला हात लावला. फरशी कोरडी होती.

"काका, काय शोधताय?" शुभ्राने विचारलं.

"तुम्ही सगळे असे वळून का गेलात?"

"कसे?"

मी सांगितलं. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि निखिलच्या चेहऱ्यावर गाडीतली तीच काळजी आली.

"सवय असेल," तनया म्हणाली. "आई ओरडायची ना, इथे पसारा करू नका, मधे येऊ नका. दादाने एकदा इथे गादी टाकली होती तर थोबाडीत खाल्ली होती त्याने."

"तुला काय माहीत, तू दोन वर्षांची होतीस," निखिल म्हणाला.

"आवाज लक्षात आहे."

शुभ्रा हसली. मीही हसलो. मग मी मुद्दाम सरळ चालत सोफ्यापर्यंत गेलो. काही झालं नाही. फक्त माझ्या पावलागणिक तनयाने ओठ घट्ट मिटले, एखादं पोर रस्त्याच्या कडेने चालताना त्याची आई मिटते तसे, आणि ते तिच्या लक्षातही आलं नाही.

३

दुपारपर्यंत मी खोल्यांमागून खोल्या लिहिल्या. मागून भांडण चालू होतं.

"ओव्हन मला. मी आईला तो बर्थडेला दिला होता."

"दिलास म्हणजे बाबांच्या कार्डावर दिलास, शुभ्रा."

"तू तर तेही नाही केलंस, दादा."

"काका, प्लीज लिहा, ओव्हन डिस्प्यूटेड."

मला या मुलांचा संताप येत होता. चाळिशीला आलेली माणसं एका ओव्हनवरून एकमेकांचं लहानपण उकरत होती. मात्र त्यांच्याकडे पाठ करून उभं राहिलं की आणखी एक गोष्ट जाणवायची. हॉलच्या मधोमध, आतल्या बेडरूमच्या दारापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत, अडीच फूट रुंदीची एक पट्टी मोकळी होती. शोकेस तिच्या अलीकडे थांबलं होतं. जेवणाचं टेबल भिंतीला इतकं चिकटवलेलं होतं की एका बाजूला खुर्ची बसत नव्हती. अडतीस वर्षं पाच माणसं अशा टेबलावर जेवली, आणि कोणी ते हात-दीड हात पुढे ओढलं नाही.

जुन्या कागदांत मी असं वाचलेलं आहे. विधवेचा वाटा काढताना ते शेजारी घरसुद्धा कापत. अर्धी खोली तिची, चुलीचा वापर तिचा, आणि खोलीपासून चुलीपर्यंत जाण्यायेण्याची वाट तिची. ती वाट कोणी अडवायची नाही. घर मुलाचं असलं तरी.

अर्थात हे माझं डोकं. ज्याने आयुष्यभर एकच विषय वाचला त्याला जिथे तिथे तोच दिसतो. मी पाणी प्यायलो आणि स्टोअररूम उघडली.

तिथे छायाचं जातानाचं सामान होतं. इथल्या संसारांची ही रीतच आहे. इथे कोणी कायमचं राहायला आलेलं नसतं, म्हणून अडतीस वर्षं सगळे निघायची तयारी करतात. सेलमध्ये वस्तू घ्यायच्या, खोकं फोडायचं नाही, भारतात परत गेल्यावर वापरू. छायाने प्रत्येक वस्तू मुलांच्या हिशेबाने घेतली होती आणि खोक्यावर पांढरी पट्टी चिकटवून नाव घातलं होतं. निखिल. शुभ्रा. तनया.

आणि चौथं खोकं. थर्मास चार. ब्लँकेट चार. कॅसरोल चार. चौथ्यावरही तशीच पट्टी होती. तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं, पण ती मधोमध मळून काळपट झाली होती, रोज कोणी बोट फिरवावं तशी.

४

मी थर्मास पुन्हा मोजले. मग पेन्सिलने प्रत्येकासाठी एक रेघ मारली. चार रेघा झाल्या. पाहुण्यासाठी एखादा जास्तीचा घेतला असेल, यात न समजण्यासारखं काय आहे, असं मी स्वतःला म्हणालो आणि तनयाला हाक मारली.

"ते थर्मास एकेक करून माझ्या हातात दे बघू."

तिने पहिला दिला. दुसरा दिला. तिसरा दिला आणि हात झटकले. "झाले."

चौथा तिच्या गुडघ्याला टेकून उभा होता.

"आणि तो?"

"कोणता?"

मी बोट दाखवलं. तिने खाली पाहिलं. तिची नजर खोक्यापर्यंत गेली, बाजूने वळली आणि पलीकडे सरळ झाली. हॉलमध्ये तिची पावलं वळली होती तशीच. तिला दिसत नव्हतं असं मी म्हणणार नाही. जे दिसत नाही त्याला वळसा घालता येत नाही.

"काका," ती अगदी हळू म्हणाली, "तुम्ही सकाळी गोळी घेतलीत ना?"

मागे निखिल येऊन उभा होता. त्याने काही विचारलं नाही. त्याने माझ्या वहीतल्या चार रेघा पाहिल्या, मग थर्मास पाहिले, आणि खिशातला फोन नुसता हातात धरला.

मी एक रेघ खोडली.

"तीन," मी म्हणालो. "चष्म्याचा नंबर बदललाय बहुतेक."

त्यानंतर मी जे केलं ते माझ्या प्रबंधातल्या कुठल्याही शेजाऱ्याने केलं नसतं. ती अशिक्षित माणसं होती, पण ज्याचा वाटा आहे त्याला विचारल्याशिवाय तो मोडायचा नाही एवढं त्यांना कळत होतं. मी शिकलेला, आणि माझ्या दोन खोल्यांसाठी घाबरलेला. तिघं बिर्याणी मागवण्यावरून वाद घालत असताना मी चौथा थर्मास निखिलच्या पिशवीत तळाशी घातला, चौथं ब्लँकेट शुभ्राच्या, चौथा कॅसरोल तनयाच्या. स्टोअररूम रिकामी झाली. हिशेब जुळला.

संध्याकाळी परतताना निखिल खुशीत होता. "काका, सुपर्ब. बघा, उगाच टेन्शन घेत होतो मी."

५

सोमवारी निखिल आणि त्याची बायको मिहिका सकाळी सातलाच दुबईला कामावर गेले. शारजाच्या त्या चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मी एकटा होतो. बाहेर डोळे दिपवणारं ऊन होतं. मी पेपर वाचत बसलो, आणि अर्ध्या तासाने लक्षात आलं की मी वाकडा बसलो आहे. टीव्ही नेहमीच्या जागी होता. सोफा हलला होता. भिंतीपासून, म्हणजे आतल्या खोलीच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत, फरशीची एक पट्टी मोकळी झाली होती.

मी उठून पावलाने मोजली. अडीच फूट.

मिहिकाने सफाईसाठी हलवला असेल. मी परत बसलो. तेवढ्यात एसीचा कॉम्प्रेसर बंद पडला, तो अधूनमधून पडतो, आणि त्या शांततेत मला सपाता ऐकू आल्या. ओल्या रबरी सपातांचा आवाज, पचक, पचक, घाई नसलेल्या माणसाचा. तो आतल्या खोलीपासून निघाला. माझ्या खांद्याच्या डावीकडून गेला. मी मान वळवली नाही. माझी समजूत अशी होती की मी वळवू शकतो आणि मुद्दाम वळवत नाही.

आवाज स्वयंपाकघरात थांबला. मग थर्मासचं झाकण फिरवल्याचा आवाज आला. नवीन झाकण असतं तसं घट्ट, तीन आट्यांचं.

कॉम्प्रेसर पुन्हा सुरू झाल्यावर मी आत गेलो. ओट्यावर नाव नसलेलं खोकं उघडलेलं होतं. थर्मास उभा होता आणि त्याचं झाकण शेजारी उताणं, कपासारखं. त्यात घोटभर पाणी होतं.

मी स्वतःच उघडून ठेवला असेन. ज्याने दोनदा गॅस चालू ठेवला त्याने हे म्हणायलाच हवं.

निखिल संध्याकाळी आला. "सोफा कोणी हलवला रे?" मी सहज विचारलं.

"मी. रविवारी, तुम्ही झोपला होतात तेव्हा." तो बूट काढत होता. "तिथे अडत होता."

"कोणाला?"

त्याने बुटाची नाडी ओढली. "माहीत नाही," तो म्हणाला. "अडत होता."

आणि तो भिंतीला लागून, वळसा घालून आत गेला. त्याच्यामागून मिहिका गेली. ती नागपूरची आहे. करामातल्या त्या घरात ती वाढलेली नाही.

६

बुधवारी तनयाचा फोन आला. ती ओव्हनबद्दल बोलत होती. मग म्हणाली, "काका, एक फनी गोष्ट. राजन म्हणतोय मी वेडी झालेय. काल मी डायनिंग टेबल भिंतीला लावलं. तो विचारतोय, इथे बसायचं कसं? मी म्हटलं, अरे, जायला जागा नको का? तो म्हणाला, कोणाला?"

"मग तू काय म्हणालीस?"

"कोणाला ते मला कुठे माहीत! पण टेबल मी परत सरकवू दिलं नाही. भांडलो चक्क."

शुभ्राला मी स्वतः फोन केला. तिची मुलगी अस्मी सहा वर्षांची आहे. तिने फोन घेतला आणि कशी आहेस असं मी विचारल्याबरोबर सांगितलं, "मम्मा शाउटेड ॲट मी. आय वॉज जस्ट प्लेइंग इन द हॉल. शी स्लॅप्ड मी, आजोबा." मग शुभ्रा फोनवर आली. ती रडत होती. तिने आजवर पोरीला बोट लावलं नव्हतं.

मी फोन ठेवला. कोण आहे, का आहे, छायाने त्याला कधी आणि का जागा दिली, हे मला माहीत नव्हतं आणि आजही नाही. मला एवढंच कळत होतं की एका घरात एकाचा हक्क होता आणि तो मी तीन घरांत नेऊन घातला. माझ्या दोन खोल्या वाचाव्यात म्हणून. तेही माझ्या डोक्याची खात्री देता येत नसताना. हे सगळं माझ्या म्हातारपणाचा भास असेल तर बोलून मी घर गमावणार होतो. नसेल, तर न बोलून ही मुलं काय गमावणार होती ते अस्मीला बसलेल्या थपडेवरून कळत होतं.

रात्रीच्या जेवणाला मी निखिलला सांगितलं.

"माझी चूक झाली. वाटणीत. जातानाचं सामान सगळं शनिवारी करामाला परत आण. शुभ्रा, तनयालाही सांग."

"काय चूक?"

"मोजण्यात. काही वस्तू चुकीच्या पिशवीत गेल्या."

"काका, तीन थर्मास आहेत. तीन माणसं. त्यात चुकणार काय?"

निखिलने पोळीचा तुकडा ताटात ठेवला. त्याला राग आलेला नव्हता, तसा आला असता तर सोपं गेलं असतं.

"मी ठरवलं होतं की आश्रमातली खोली कॅन्सल करायची," तो म्हणाला. "आज ऑफिसमधून त्यांना फोन करणार होतो. केला नाही, बरं झालं. पहिल्या तारखेपर्यंत ते खोली ठेवतील."

"ठेवू देत," मी म्हणालो. "शनिवारी सामान आण."

७

शनिवारी फ्लॅट मोकळा होता. फर्निचर गेलं होतं, फक्त फरशीवर त्याचे डाग होते. ती पट्टी मात्र आता जास्तच स्पष्ट दिसत होती. आजूबाजूची फरशी पिवळट पडली होती आणि तेवढीच झिजून गुळगुळीत झालेली.

तिघं पिशव्या ठेवून भिंतीला टेकून उभी राहिली. शुभ्रा म्हणाली, "काका, हे खरंच जरूर होतं? फुजैराहून ही दोन तास गाडी चालवत आलीय."

"असू दे गं," तनया म्हणाली. "काकांना करू दे." ज्या आवाजात आजाऱ्याच्या समोर बोलतात त्या आवाजात.

मी पिशव्यांतून चौथा थर्मास काढला, चौथं ब्लँकेट, चौथा कॅसरोल. आतल्या बेडरूमच्या दारापाशी नेऊन पट्टीवर नीट मांडले. तिघं बघत होती आणि त्यांच्या नजरा वळसा घेत होत्या. त्यांच्या दृष्टीने मी रिकाम्या हाताने तीनदा जाऊन आलो असेन.

"तुम्ही बाहेर व्हा," मी म्हणालो. "मी आलोच."

ती लिफ्टपाशी गेली. मी एकटा राहिल्यावर मला विलक्षण लाज वाटली. पीएचडी झालेला माणूस रिकाम्या घरात उभा राहून काय म्हणणार? मग मला वाटलं की ते तीन शेजारी सुद्धा शेवटी मोठ्याने वाचूनच दाखवत.

"हे तुमचं," मी बेडरूमच्या अंधाराकडे बघत म्हणालो. तिथे खिडकीला अजून जाड पडदा होता. "तुमचा वाटा मी न विचारता मोडला होता. तो पूर्ण केला आहे. त्या तिघांकडे आता तुमचं काही नाही. त्यांच्या घरांत तुमची वाट नाही."

काही हललं नाही. मी दारापर्यंत आलो, बाहेर पाऊल टाकलं, दार ओढायला लागलो. तेव्हा सपाता वाजल्या, एकदाच, जागेवर पाय बदलल्यासारख्या.

दार अजून वीतभर उघडं होतं. त्या फटीतून बेडरूमची चौकट दिसत होती, आणि चौकटीच्या बऱ्याच खालून, बसलेल्या माणसाच्या उंचीवरून, दोन हात बाहेर आले. त्यांनी ब्लँकेट घेतलं. ओढलं नाही. लग्नात आहेर घेतात तसं दोन्ही हातांनी, आदराने घेतलं. मग थर्मास. मग कॅसरोल. प्रत्येक वेळी हात आत जायचे आणि पुन्हा यायचे.

कॅसरोल आत गेल्यावरही ते पुन्हा आले. रिकामे, तळवे वर. आणि तसेच राहिले. अजून काही यायचं आहे अशा खात्रीने, कुरकुर न करता, आपल्या नावावर किती वस्तू होत्या हे बरोबर माहीत असावं तसे.

कोणती वस्तू अजून कोणाच्या घरी राहिली आहे, हे बघायला मी वही उघडली नाही. मी दार ओढून घेतलं आणि किल्ली दोनदा फिरवली.

"झालं?" निखिल लिफ्ट धरून उभा होता. शुभ्रा आणि तनया आत होत्या, त्यांचे खांदे एकमेकींना लागले होते, आणि त्या कशावरून तरी हसत होत्या. गेल्या तीन महिन्यांत मी त्यांना अशा पाहिल्या नव्हत्या. "काही राहिलं का आत, काका? नीट आठवा. कोणाचं काही द्यायचं राहिलंय?"

"कोणाचं काही राहिलं नाही," मी म्हणालो. "पहिल्यापासून तीनच होते. माझंच मोजायचं चुकलं."

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि लिफ्ट खाली निघाल्यावर दुसऱ्या हाताने, खोली पक्की करायला, पुण्याला फोन लावला.